पान ६०५

वकिलाच्या ऑफिसात गेलात की त्याच्या खुर्चीमागे एक भिंत दिसते. वरपासून खालपर्यंत एकाच उंचीची, एकाच रंगाची पुस्तकं, पाठीवर सोनेरी आकडे. मराठी सिनेमात वकील दाखवायचा झाला तर काळा कोट, चष्मा आणि ही भिंत एवढं पुरतं. अशील त्या भिंतीकडे बघतो आणि मनातल्या मनात फी कबूल करून टाकतो. एवढं सगळं वाचलेला माणूस आपल्या बाजूने उभा राहणार म्हटल्यावर समोरच्याची काय बिशाद! आता खरं सांगायचं तर ती पुस्तकं कोणी वाचत नाही. ती वाचण्यासाठी नसतातच, धुंडाळण्यासाठी असतात. ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ या निकालसंग्रहाचा १९६२ सालचा खंड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय, आणि भेटलाच तर मी त्याच्यापासून दोन हात लांब राहीन.

माझी उभी नोकरी या भिंतींच्या संगतीत गेली. कायद्याच्या कॉलेजात ग्रंथालयाच्या काउंटरमागे मी आणि काउंटरपुढे भावी न्यायमूर्ती. निवृत्त झालो तरी नाशिकच्या काठे गल्लीत आमच्या बिल्डिंगमध्ये मला ‘वकीलसाहेब’च म्हणतात. कोणाचा चेक परत आलेला असतो, कोणाचा भाडेकरू जागा सोडत नसतो, कोणाच्या सासऱ्यांनी मृत्युपत्रात नको ते लिहिलेलं असतं. मी सांगतो, “अहो, मी वकील नव्हतो, नुसती पुस्तकं काढून द्यायचो.” त्यावर उत्तर येतं, “तेच ना, म्हणजे तुम्हाला सगळं तोंडपाठच असणार.” या युक्तिवादाला उत्तर देता येईल असा दाखला मला आजवर सापडलेला नाही.

पोरं मात्र अजून येतात, रविवारी सकाळी. कारण सोपं आहे. आमचं घर द्वारका चौकाजवळ, आणि नाशिकमध्ये कुठूनही कुठेही जायचं तरी माणूस द्वारकेला उतरतोच. सिन्नरकडून येणारा पुणे रस्त्याने तिथे येतो, ओझर-पिंपळगावचा मुंबई-आग्रा रस्त्याने येतो, नाशिकरोडचा तर रोजच तिथे उतरून पुढची रिक्षा धरतो आणि सारडा सर्कल, शालिमार करीत सीबीएसला पोचतो. “सर, द्वारकेला उतरलोय” असा फोन आला की मी चहाचं आधण ठेवत नाही. चौक ओलांडून माणूस यायला अवकाश असतो. डोक्यावर उड्डाणपूल, खाली ट्रक, बस, रिक्षा आणि हॉर्न. घामाघूम होऊन दारात उभं राहिलेलं पोरगं पहिला प्रश्न विचारतं, “सर, प्रोजेक्टला काहीतरी मटेरियल द्या ना.”

हे ‘काहीतरी मटेरियल’ माझ्या नोकरीची मीठमिरची होती. काउंटरवर येणारे प्रश्न साधारण ठरलेले. “ते लाल कव्हरचं पुस्तक आहे का?” कोणतं लाल? “सर, मागच्या वर्षी इथे होतं ते.” एकजण येऊन म्हणाला, “कॉन्स्टिट्यूशन हवंय.” मी विचारलं, “मूळ संविधान, की भाष्य, की परीक्षेचं गाईड?” त्याने विचार केला आणि म्हणाला, “पातळ असेल ते.” नाशिककराला वाचनालय काही नवं नाही. आमचं सार्वजनिक वाचनालय, ज्याला गावात सगळे ‘सावाना’ म्हणतात, १८४० सालचं आहे. पण सावानात कादंबरी बदलायला जाणारा ज्या सैल मनाने जातो, तसं कायद्याच्या ग्रंथालयात कोणी जात नाही. तिथे माणूस अडला की जातो आणि काम झालं की पळतो.

नव्या बॅचला मी एक खेळ लावून द्यायचो. कागदाच्या चिठ्ठीवर लिहायचो: एआयआर १९६२ एससी ६०५. बाकी काही नाही. काढून आणा. पहिल्यांदा वर्गात शांतता. मग एखादा फोन बाहेर काढायचा, त्याला मी फोन खिशात ठेवायला सांगायचो. शेवटी एखादी मुलगी कपाटांच्या पाठी वाचत वाचत १९६२ सालापर्यंत जायची, त्यातही सुप्रीम कोर्टाचा भाग वेगळा बांधलेला असतो हे तिच्या ध्यानात यायचं, मग ती पान ६०५ उघडायची आणि ओरडायची, “अय्या, नानावटी!” म्हणजे रिपोर्टरचं नाव, वर्ष, कोर्ट, पान. पत्ता असा लिहितात हे पुढे आयुष्यभर तिला कोणी सांगावं लागत नसे.

नानावटी म्हटल्यावर मुलांचे डोळे चमकतात. नौदलाचा कमांडर, बायको, बायकोचा मित्र, रिव्हॉल्व्हर. २०१६ च्या ‘रुस्तम’मुळे तर सगळ्यांना गोष्ट ठाऊक. ती सगळी मोठ्या आशेने त्या पानावर वाकतात. आणि तिथे असतं काय? जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३०७. ज्यूरीचा कौल न्यायाधीशाला पटला नाही तर त्याने ते प्रकरण हायकोर्टाकडे कसं पाठवायचं, हायकोर्टाचे अधिकार कुठपर्यंत, ज्यूरीला समज देताना न्यायाधीश कुठे चुकला, याचा पानोपानी काथ्याकूट. ज्यूरीने आठ विरुद्ध एक असा निर्दोष म्हणून कौल दिला होता, हायकोर्टाने तो बाजूला सारून शिक्षा दिली आणि सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. गोळीबार आहे, नाही असं नाही, पण तो आला की लगेच साक्षीपुराव्याच्या रांगेत उभा राहतो. मुलांची तोंडं उतरलेली मी पाहिली आहेत. मला स्वतःला तो निकाल सिनेमापेक्षा जास्त थरारक वाटतो. पण हे बोललं की घरचेही विषय बदलतात.

त्या पानावर आणखी एक गंमत असते. वर बारीक ठशात सारांश दिलेला असतो, त्याला हेडनोट म्हणतात. मुलं तेवढंच वाचतात, वहीत उतरवून घेतात आणि पुस्तक मिटतात. हेडनोट न्यायाधीशाने लिहिलेली नसते, छापणाऱ्याच्या संपादकाने लिहिलेली असते. ती निकालाचा भाग नव्हे. मूट कोर्टात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्यात, परीक्षक म्हणून आलेल्या एखाद्या मुरलेल्या वकिलाने “कोणता परिच्छेद?” असं नुसतं विचारलं की सूट-बूट घातलेला भावी सॉलिसिटर जनरल छताकडे पाहू लागतो. परिच्छेद हेडनोटच्या खाली, आत, दहा पानं पुढे असतो. तिथपर्यंत जायचे कष्ट घेणारा मुलगा वर्गात एखादाच, आणि पुढे त्याचंच बरं चाललेलं दिसतं.

कपाटांवरच्या नावांशी मुलांची ओळख करून द्यायला मला आवडायचं. रतनलाल-धीरजलाल हे एकाच गृहस्थाचं नाव आणि आडनाव असावं असं निम्म्या वर्गाला वाटतं. ती दोन माणसं होती, रतनलाल रणछोडदास आणि धीरजलाल केशवलाल ठाकोर. गुन्ह्यांच्या कायद्यावरचं त्यांचं पुस्तक तर प्रसिद्धच, शिवाय १८९९ मध्ये ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ त्यांनीच सुरू केलं. मुल्ला या नावावरून तर भलत्याच कल्पना. दिनशा फरदुनजी मुल्ला हे पारशी. हिंदू एकत्र कुटुंबात वाटणी कशी व्हावी यावर त्यांनी पुस्तक लिहिलं, मुसलमानांच्या वारसाहक्कावर लिहिलं, दिवाणी प्रक्रिया संहितेवरही लिहिलं. शंभर वर्षं झाली, आपल्या भाऊबंदकीच्या भांडणात दोन्ही बाजूंचे वकील अजून याच पारशी बाबाचा हवाला देतात. आणि चितळे म्हटलं की मराठी माणसाला बाकरवडी आठवते, पण कायद्याच्या विद्यार्थ्याला नागपूरचे व्ही. व्ही. चितळे आठवायला हवेत. त्यांनी ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ सुरू केलं. देशभरातल्या कोर्टांत रोज ‘एआयआर’ म्हणून जे बोललं जातं त्यामागे मराठी माणसाची चिकाटी आहे, हे सांगताना मी थोडा ताठ उभा राहायचो. माझा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता.

ग्रंथालयशास्त्र शिकताना आम्हाला एस. आर. रंगनाथन यांचे पाच नियम पाठ करावे लागत. मुळात गणिताचे प्राध्यापक असलेल्या या मद्रासच्या माणसाने ते १९३१ मध्ये मांडले. पुस्तकं वापरण्यासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा आणि ग्रंथालय हे वाढतं असतं. कायद्याच्या ग्रंथालयात हजारो कायदे कपाटात आणि हे पाच भिंतीवर फ्रेममध्ये. या पाचांना शिक्षेचं कलम नाही, त्यामुळे ते कोणी मनावर घेत नाही. पहिल्या नियमाला तर कपाटाचं कुलूपच आडवं येतं. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई जेवायला गेलेला, हे दृश्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही ग्रंथालयात अनोळखी नाही.

पण मला सांगायचंय ते या नियमांत बसत नाही. ते मला एका शेतकऱ्यामुळे नीट कळलं.

तीन वर्षांच्या एलएलबीला नुसती पोरं नसतात. रिटायर्ड पोलीस, बँकेतले अधिकारी, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा वही हातात घेतलेल्या बायका, आणि ज्यांचा स्वतःचा दावा कोर्टात पडून आहे असे लोक. हा निफाडकडचा द्राक्षबागायतदार शेवटच्या प्रकारातला. पन्नाशी उलटलेली. वकिलाने तारखांवर तारखा घेतल्या म्हणून चिडून त्याने सरळ सीईटी दिली आणि प्रवेश घेतला. सातबारा आणि फेरफाराचे उतारे प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो ग्रंथालयात यायचा. “मटेरियल द्या” असं तो कधी म्हणाला नाही. त्याचा प्रश्न एका वाक्याचा होता: “साहेब, बापाने हयातीत आम्हा दोघा भावांत तोंडी वाटणी करून दिली. आता बहीण वाटा मागते. तिला मिळतो का?”

संशोधन म्हणतात ते एवढंच असतं. पण असा प्रश्न विचारायला डोकं जागेवर लागतं. नाहीतर ‘महिलांचे संपत्तीतील हक्क : एक अभ्यास’ असं शीर्षक देऊन सगळ्या देशाचा अभ्यास सुरू होतो आणि कुठेच पोचत नाही.

त्याने सुरुवात बरोबर केली. मूळ कायदा आधी, म्हणजे १९५६ चा हिंदू वारसा कायदा, कलम ६. त्याला २००५ ची दुरुस्ती, अमलात आली ९ सप्टेंबर २००५ रोजी, मुलगी मुलाइतकीच हक्कदार. महाराष्ट्राने तर त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना हा हक्क १९९४ सालीच दिला होता, हेही त्याने टिपून ठेवलं. त्याच्या बहिणीचं लग्न त्याआधीच झालं होतं. मग निकाल. दोन-तीन दिवस खपून त्याने ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ शोधून काढला, सुप्रीम कोर्ट, २०१५. त्यात म्हटलं होतं की दुरुस्तीचा फायदा हवा तर ९ सप्टेंबर २००५ रोजी बाप आणि लेक दोघंही हयात हवीत. याचा बाप गेला २००१ मध्ये. गडी इतका खूश झाला की माझ्यासाठी बागेतली द्राक्षं घेऊन आला.

द्राक्षं खाता खाता मी एवढंच विचारलं, “बाप हयात नव्हता, ठीक. पण हा निकाल हयात आहे का?”

त्याला कळेना. मी म्हटलं, निकाल दिला, छापला, बांधून कपाटात ठेवला म्हणजे तो जिवंत राहिलाच असं नाही. त्याच्यामागून मोठ्या खंडपीठाने काय म्हटलं ते बघायला हवं. मग आम्ही दोघांनी मिळून पुढची वर्षं चाळली आणि ११ ऑगस्ट २०२० चा ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ समोर आला. तीन न्यायाधीश. फुलवतीचा निकाल रद्दबातल. मुलीचा हक्क जन्माने येतो, बाप त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. आणि पुढे, जखमेवर मीठ चोळावं तसं, तोंडी वाटणीचा बचाव सहसा मान्य करता येणार नाही. सरकारी कागदपत्रांचा पक्का आधार असेल तरच, तेही अपवाद म्हणून. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून फेरफार पुन्हा बाहेर काढले, दोनदा वाचले. वाटणीची नोंद कुठेच नव्हती. पिशवीची घडी करून खिशात घातली. “म्हणजे ताईचा आहे वाटा,” एवढं म्हणाला. बहिणीला त्याने फोन केला का, ते मी कधी विचारलं नाही. काउंटरमागच्या माणसाने ते विचारायचं नसतं. पण त्या वर्गातला संशोधनाचा सर्वांत चांगला विद्यार्थी तोच होता, हे माझं मत आजही कायम आहे. स्वतःच्या विरुद्ध जाणारा निकालही त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता.

निकाल हयात आहे का हे बघायची सोय लोकांनी पूर्वीपासून करून ठेवली आहे. शिकागोच्या फ्रँक शेपर्ड नावाच्या माणसाने १८७३ पासून गोंद लावलेल्या पट्ट्या छापायला घेतल्या. वकिलाने आपल्याकडच्या जुन्या निकालाच्या समासात पट्टी चिकटवायची, म्हणजे पुढे कोणत्या निकालात त्याचा उल्लेख झाला ते तिथल्या तिथे कळायचं. आमच्याकडे कायद्याच्या दुरुस्त्यांच्या स्लिपा यायच्या. मूळ ओळीवर कात्री लावून बेतलेली चिठ्ठी डकवायची, त्यावर पुढच्या वर्षीची डकवायची. काही कलमांवर इतके थर चढले होते की ते पान बाकीच्यांपेक्षा जाड लागायचं आणि पुस्तक मिटायचं नाही. भाडे नियंत्रणाच्या जुन्या पुस्तकातली एक स्लिप सुटून खाली पडली तर कायदा बदलला की डिंक वाळला, ते ठरवायला अर्धा दिवस जायचा.

आणि निकाल फिरवणं म्हणजे काही परक्यांचंच काम असतं असंही नाही. आणीबाणीत, १९७६ मध्ये, एडीएम जबलपूर प्रकरणात सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असं ठरवलं की या काळात अटकेविरुद्ध कोर्टात दादही मागता येणार नाही. त्या चार जणांत यशवंत विष्णु चंद्रचूड होते. विरोधात एकटे एच. आर. खन्ना. २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात तो निकाल चूक ठरवून मोडीत काढला गेला, आणि तसं लिहिणारे न्यायाधीश होते धनंजय यशवंत चंद्रचूड. व्यभिचाराच्या कलमाचंही तसंच. वडिलांनी १९८५ मध्ये ते घटनात्मक ठरवलं, २०१८ मध्ये ते रद्द करणाऱ्या खंडपीठात मुलगा होता. आमच्या बिल्डिंगमध्ये बाप-लेकांची बोलाचाली झाली की मी ही हकीकत सांगतो. बापांना ती आवडत नाही.

तरी सगळं मेलेलं रद्दीत घालता येतं असंही नव्हे. १ जुलै २०२४ पासून १८६० ची भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. पाचशे अकरा कलमांच्या जागी तीनशे अठ्ठावन्न. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, आणि फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये जाऊन बसलं. हिंदी सिनेमाचं आणि कोपऱ्यावरच्या वाण्याचं काय होणार ही चिंता वेगळी; ‘तीनशे अठरा माणूस’ या शिवीला काही धार नाही. पण त्या पावसाळ्यात माझ्या ओळखीच्या एका वकिलाने उत्साहाने जुनी दंड संहिता आणि तिची सगळी भाष्यं रद्दीवाल्याला घातली आणि आठ दिवसांनी त्याच रद्दीवाल्याच्या दारात उभा राहिला. कारण १ जुलैपूर्वी घडलेला गुन्हा जुन्याच कायद्याने चालतो. तो खटला पंधरा-वीस वर्षं चालला, आणि आपल्याकडे चालतोच, तर तोवर जुनं पुस्तक लागणारच. म्हणून आज कायद्याच्या ग्रंथालयात दोन संसार मांडलेले दिसतील, जुना आणि नवा, आणि मधे कोणतं कलम कुठे गेलं त्याचा तक्ता. तो तक्ता दर पंधरा दिवसांनी फाटतो.

हे सगळं ऐकून नवी पोरं म्हणतात, “सर, आता कशाला कपाटं? सगळं फोनवर आहे.” आहे ना. मी कधी नाही म्हटलं? २००८ पासून ‘इंडियन कानून’ फुकट आहे. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘ई-एससीआर’ खुलं केलं, सुरुवातीलाच सुमारे ३४ हजार निकाल, एक पैसा न देता. निकालांचे मराठी अनुवादही कोर्टाच्या संकेतस्थळावर मिळतात. प्रमाण मूळ इंग्रजीच, पण मराठीतून पेपर लिहिणाऱ्या मुलाला समजून घ्यायला तेवढं पुष्कळ आहे. मुंबई-नागपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या मुलाला जे मिळतं त्यातलं बरंचसं आज काठे गल्लीतल्या मुलाला घरबसल्या मिळतं. माझ्या उमेदीच्या काळात याच्यासाठी मी माझा एक पगार दिला असता. पण या सोयींचं नशीब आमच्या द्वारकेच्या भुयारी मार्गासारखं आहे. बांधला, पायऱ्या केल्या, आणि माणसं हात वर करून ट्रकच्या पुढूनच पळत राहिली. ई-एससीआर कधी उघडलंय का, असं मी दर रविवारी विचारतो. बहुतेकांनी नाव ऐकलेलं असतं.

त्याऐवजी आता पोरं एआयच्या यंत्राला विचारतात. प्रश्न टाकला की ते गोड भाषेत उत्तर देतं, खाली निकालांची नावं, सालं, पानं सगळं व्यवस्थित. एका मुलीने तशी यादी मला दाखवली. एकाची पक्षकारांची नावं अगदी भारदस्त होती, साल होतं, पानही होतं. मी तिला म्हटलं, खंड काढ. त्या पानावर भलत्याच कोणाचा विक्रीकराचा वाद होता. यंत्राने निकाल चक्क रचला होता. हे काही आपल्याकडेच घडतं असं नाही. न्यूयॉर्कमध्ये अव्हियांका विमान कंपनीविरुद्धच्या एका दाव्यात वकिलांनी असेच अस्तित्वात नसलेले सहा निकाल कोर्टापुढे ठेवले. त्यातल्या एकाने तर यंत्रालाच विचारून घेतलं होतं, “हे खरे आहेत ना?” यंत्र म्हणालं, खरे आहेत. २०२३ मध्ये न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. चोरालाच साक्षीदार केल्यावर दुसरं काय होणार! कोणत्याही ग्रंथपालाने त्यांना फुकट सांगितलं असतं की पान उघडून बघा.

पान उघडून बघण्याचा विषय निघाला की मला पांडुरंग वामन काणे आठवतात. ते मुंबई हायकोर्टात वकिली करत. ते करता करता त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड लिहिले, पहिला १९३० मध्ये, शेवटचा १९६२ मध्ये. १९६३ मध्ये भारतरत्न मिळालं. त्या खंडांतलं कोणतंही पान उघडा, वर मजकूर कमी आणि खाली तळटिपा जास्त. एकेका विधानामागे कोणत्या ग्रंथात, कुठे, कोणत्या आवृत्तीत ते म्हटलंय त्याचा हिशेब. संगणक नव्हता, झेरॉक्स नव्हतं. होती ती शंकेखोर सवय, की मी स्वतः पाहिल्याशिवाय लिहिणार नाही. कायद्याच्या ग्रंथालयाने विद्यार्थ्याला एवढी एक सवय लावली तरी त्याची सगळी कपाटं वसूल झाली असं मी मानतो. निकाल शोधून काढणं आता अवघड राहिलेलं नाही. सापडलेल्यावर विश्वास कधी ठेवायचा, हे अवघड आहे, आणि ते शिकवायला अजून तरी काउंटरमागे माणूसच लागतो. दुर्दैवाने काटकसर सुरू झाली की कॉलेजं सगळ्यात आधी तीच जागा रिकामी ठेवतात. संगणक दहा घेतात, ग्रंथपाल एकही भरत नाहीत.

तेव्हा यंदा कायद्याला प्रवेश घेतला असेल त्या मुलामुलींना आणि पन्नाशीतल्या मंडळींनाही माझं सांगणं एवढंच. ग्रंथालयात पहिल्याच महिन्यात जा. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात तिथे बसायला खुर्ची मिळत नाही. आपला प्रश्न एका वाक्यात लिहून न्या. आधी कायद्याचं कलम बघा, मग निकाल, मग त्या निकालाचं पुढे काय झालं ते. आणि अडलात तर काउंटरवरच्या माणसाला विचारायला लाजू नका. त्याचा पगार तुमच्याच फीतून जातो.